हवेतला जिना

आजवर माझी एकही नोकरी कामचुकारपणामुळे गेलेली नाही. सगळ्या तोंडामुळे गेल्या. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कुजबुज नको.

औषधांच्या दुकानात होते तेव्हा एका आजोबांना गोळ्या देताना डबीतला तो बारीक अक्षरांचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. चक्कर येऊ शकते, नजर धूसर होऊ शकते, क्वचित छातीत धडधडू शकतं. आजोबा गोळ्या न घेताच स्टुलावर टेकले आणि त्यांना तिथल्या तिथे चक्कर आली. मालक म्हणाला, "बाई, लोक इथे बरे व्हायला येतात." मग सहली नेणाऱ्या कंपनीत फोनवर बसले. नवीन लग्न झालेल्या एका जोडप्याला बोटीची सफर हवी होती. मी एवढंच विचारलं, "दोघांना पोहता येतं ना?" त्यांनी सफर रद्द केली. आता तुम्हीच सांगा, पाण्यावर निघालेल्या माणसाला हे विचारायचं नाही तर काय, आवडता रंग विचारायचा? त्यानंतर पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायला लागले. तिथलं न सांगितलेलंच बरं.

घरात मला 'भोंगा' म्हणतात. लोकांना वाटतं, हिला बोलायची हौस. हौस कसली डोंबलाची! मला भीती वाटते म्हणून मी बोलते. दूध उतू जाईल, गॅस राहील, जिन्यावरून कुणी घसरेल, हे माझ्या डोळ्यांना आधी दिसतं आणि तोंडातून लगेच बाहेर पडतं. बाहेर पडलं नाही तर पोटात गोळा होऊन बसतं आणि मला जेवण जात नाही. गप्प बसलेली भीती फार वाईट असते हो.

शेवटी आईनं आत्यापुढे हात टेकले. "वन्सं, हिला तुमच्याकडे कुठेतरी चिकटवा. घरात बसून मला वेड लावेल ही."

माझी आत्या टॉवर क्रेन चालवते. उंच खांबाच्या टोकाला जी काचेची पेटी असते ना, तिच्यात ती दिवसभर एकटी बसते आणि दोन दांड्यांनी टनावारी माल इकडचा तिकडे ठेवते. बोलणं अगदी मोजकं. आमच्या घरी येते, जेवते, "चांगलं झालंय" म्हणते आणि उठते. तिला कसली भीती वाटते का, हे मला अजूनही माहीत नाही. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून तासन्‌तास बडबडायचे आणि ती नुसती ऐकायची. त्यामुळे आईचं बोलणं ऐकून ती हो म्हणेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "मला खालून बोलणारं माणूस हवंच आहे."

म्हणजे असं असतं. क्रेन चालवणाऱ्याला सगळीकडचं दिसत नाही. इमारतीच्या पलीकडे किंवा मधल्या चौकात माल उतरवायचा असला की त्याच्यासाठी तो आंधळा कारभार असतो. मग तिथे एक सिग्नलवाला उभा राहतो आणि वॉकीटॉकीवर सांगत राहतो, खाली, आणखी खाली, थोडं डावीकडे, सावकाश. आणि या कामाचा एक नियम आहे. माल हलत असेपर्यंत बोलणं थांबवायचं नाही. आवाज थांबला की क्रेन थांबते. सिग्नलवाल्याला ठसका लागला, बॅटरी गेली, तो चक्कर येऊन पडला, काहीही झालं तरी वरच्यानं हात जागच्या जागी थांबवायचा. म्हणून एकसारखं बोलत राहणारं माणूस लागतं.

"अगंबाई! हे तर हिच्यासाठीच बनवलेलं काम!" आई टाळी वाजवायचीच राहिली.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझं तोंड आणि आत्याचा हात. मी चुकीचं बोलले तर आत्याच्या हातून माणूस मरेल.

प्रशिक्षण झालं, कागद मिळाला, डोक्यावर हेल्मेट आलं आणि मी कामावर उभी राहिले. इमारत दवाखान्यासाठी होती. चारी बाजूंनी मजले आणि मध्ये अरुंद, खोल चौक. क्रेन मागच्या रस्त्याच्या बाजूला. ट्रकमधला माल आत्या स्वतःच्या नजरेनं उचलायची, गच्चीवरून पलीकडे न्यायची, आणि चौकात उतरायला लागला की तिला काहीएक दिसायचं नाही. तिथून पुढे माझं राज्य. मी वरच्या मजल्याच्या कठड्याशी, चौकाकडे तोंड करून उभी. पायाखाली काँक्रीट होतं, समोर रेलिंग होतं, कमरेला पट्टा होता, तरी माझ्या पायाची बोटं बुटात आखडून बसायची.

खाली चौकात माल उतरवून घ्यायला दोन माणसं असायची, त्यांच्याकडेही एक वॉकी. एक पैलवान. खरं नाव कुणी घेत नव्हतं, मान आणि डोकं एकाच जाडीचं होतं, म्हणून पैलवान. दुसरा त्याचा मेव्हणा, जो पैलवान सांगेल ते करायचा आणि पैलवान हसला की हसायचा.

पहिल्याच आठवड्यात मी माझे सगळे गुण उधळले. विटा रचलेला लाकडी पाट खाली जात होता आणि मला कोपऱ्यातून काहीतरी राखाडी सुटलेलं दिसलं. मी किंचाळले, "थांब! थांब! सुटलं!" क्रेन थांबली. सगळी साइट थांबली. ते कबुतर निघालं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची पिशवी. त्यानंतर एकदा माझ्याच हेल्मेटची सावली. पैलवान खालून हात जोडून ओरडला, "ताई, आज काय? हत्ती आला का?" आणि मेव्हणा पोट धरून हसला.

सुपरवायझरनं मला त्याच्या पत्र्याच्या खोलीत बोलावलं. चांगला माणूस, पण दिवसभर घड्याळ बघून बघून त्याच्या कपाळाला कायमची आठी पडलेली. "मॅडम, क्रेन एकदा थांबली की मागे ट्रकांची रांग लागते. तुमच्या आत्यांच्या शब्दावर मी तुम्हाला घेतलंय. चांगला सिग्नलवाला कसा असतो माहितीये? थंड. जरुरीपुरतं बोलतो, आवाज चढत नाही. उद्या जिने यायचेत. उद्या उगाच एकदा जरी थांबवलंत, तर परवापासून यायचे कष्ट घेऊ नका."

मी मान हलवली.

संध्याकाळी आत्याबरोबर घरी येताना मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती माझी बाजू घेईल, निदान 'जाऊ दे' म्हणेल, असं वाटत होतं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, हिला माझी लाज वाटते आहे. वाटणारच. इतक्या वर्षांत तिनं कुणासाठी शब्द टाकला नव्हता, आणि टाकला तो माझ्यासारखीसाठी. मी ठरवलं. उद्या थंड राहायचं. माझी भीती माझ्यापाशी. ती पोटात गोळा होऊन बसली तर बसली, एक दिवस उपाशी राहू.

सकाळी जिने आले. तयार काँक्रीटचे जिने कुणी जवळून बघितले असतील तर कळेल, ती किती भयंकर वस्तू असते. अख्खा जिना, पायऱ्यांसकट, ट्रकवर आडवा पडलेला. त्याला पुढून आणि मागून असे दोन रुंद कापडी पट्टे गुंडाळतात आणि क्रेनच्या हुकाला अडकवतात. काँक्रीटच्या कडा धारदार असतात, म्हणून पट्टा जिथे कडेवर वळतो तिथे मध्ये काळ्या रबराचा जाड तुकडा घालतात. तेवढ्या रबरावर सगळा खेळ. पैलवाननं स्वतः पट्टे बांधले, रबरं घातली, दोनदा ओढून बघितली. मी वरून, रस्त्याच्या बाजूला जाऊन बघितलं. त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. मग तो आणि मेव्हणा चौकात जाऊन उभे राहिले.

"तयार?" वॉकीवर आत्या.

"तयार," मी म्हणाले. माझ्या कानांना माझाच आवाज परका वाटला. छान, सपाट, रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईसारखा.

जिना गच्चीच्या वर आला. हवेत लोंबणारा जिना. पायऱ्या आहेत, पण त्या कुठेच जात नाहीत. थोडा वारा होता. जिना गच्चीची कड ओलांडून चौकावर आला आणि मी सुरू केलं. "खाली. सावकाश. खाली. चालू ठेव. खाली. छान." खालून पैलवाननं लोंबता दोर पकडला. जिना गोल फिरू नये, भिंतींना लागू नये म्हणून त्याला एक दोर बांधलेला असतो, तो धरून खालचा माणूस त्याला सरळ ठेवतो.

वाऱ्याचा एक झोत आला. जिना हलला आणि वरच्या मजल्याच्या परांचीच्या पाइपला नुसता खेटला. टण्ण, एवढासा आवाज. आणि पुढच्या पट्ट्याच्या जागेवरून काहीतरी काळं खाली गेलं.

काहीतरी काळं. खाली गेलं. माझ्या जिभेवर 'थांब' आलाच होता, दातांपर्यंत आला होता. आणि तिथेच मला सुपरवायझर दिसला. चौकाच्या दाराशी, घड्याळ बघत. मला कबुतर आठवलं, पिशवी आठवली, माझी स्वतःची सावली आठवली. पुन्हा कबुतर असणार. माझ्या डोळ्यांना सगळीकडे मरणच दिसतं, त्याला कोण काय करणार? पैलवाननं दोनदा ओढून बघितलंय. मी 'थांब' गिळला. अक्षरशः गिळला.

"खाली. सावकाश. चालू ठेव. सगळं ठीक. खाली," मी म्हणाले. इतक्या शांत आवाजात मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. सुपरवायझरनं वर बघून अंगठा दाखवला.

जिना खाली जात राहिला. वाऱ्यानं झुलत होता, थोडा इकडे, थोडा तिकडे. हेल्मेटखालून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तोंड मात्र गोड गोड बोलत होतं. "खाली. छान चाललंय."

आणि क्रेन थांबली.

मी तर बोलतच होते. आवाज थांबला नव्हता, तरी क्रेन थांबली. जिना चौकाच्या मधोमध लटकला. सुपरवायझरनं दोन्ही हात पसरले, आता काय झालं? खालून पैलवानही वर बघायला लागला.

वॉकी खरखरली. "काय दिसलं तुला?" आत्यानं विचारलं.

"काही नाही आत्या. सगळं ठीक आहे. चालू ठेव, सावकाश खाली."

"खोटं बोलू नकोस. तुझा असला आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. काय दिसलं ते सांग."

मी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. जिचं तोंड कधी मिटलं नाही तिची बोबडी वळली. मी फक्त बघू शकत होते. आता नीट बघितलं, डोळ्यातला घाम पुसून. पुढच्या पट्ट्याखाली, जिन्याच्या कडेला, रबर नव्हतं. पट्टा सरळ काँक्रीटच्या धारेवर बसला होता. वाऱ्यानं जिना झुलला की पट्टा त्या धारेवर मागेपुढे सरकत होता. करवतीवर दोरी घासावी तसा. आणि पट्ट्याच्या कडेला पांढरे धागे सुटून वाऱ्यावर हलत होते.

"आत्या," माझ्या तोंडातून निघालं, आणि हा आवाज माझा होता, फाटलेला, वर चढलेला, "आत्या, रबर पडलं गं! पुढचं रबर पडलं! पट्टा कापला जातोय, आत्या, मला धागे दिसतायत, देवा, मला फार भीती वाटतेय!"

"किती कापलाय?"

"कड गेली. तिसरा हिस्सा गेला असेल. प्रत्येक झोक्याला कापतोय."

"परत वर घेऊ?"

"नको! वर नको, परांचीला लागेल. गच्चीवर नको, तिथे माणसं आहेत. खालीच. पण खाली पैलवान आहेत. थांब. हलवू नकोस. थांब." मग मी बटण दाबूनच खाली ओरडले, वॉकीवर आणि मोकळ्या गळ्यानं, दोन्हीकडून. "पैलवान! पळा! दोर सोडा आणि पळा!"

मेव्हणा एकदम निघाला. चौकातून बाहेर जाणाऱ्या बोळाच्या तोंडापर्यंत गेलाही. पैलवान हलला नाही. त्यानं मान वर केली आणि त्याच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू आलं, आणि त्या हसण्यानं माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. कबुतर, पिशवी, सावली. माझंच पेरलेलं होतं ते.

"ताई, दोर सोडला तर जिना फिरेल. भिंतीला घासेल ना!" त्याचा आवाज वॉकीवर आला. समजूत घालतोय असा.

"घासू दे! फुटू दे भिंत! पट्टा तुटतोय, अहो, पट्टा तुटतोय, तुमच्या डोक्यावर आहे तो! मी वेडी आहे, घाबरट आहे, नंतर हसा, आयुष्यभर हसा, आता पळा!" मी रडत होते. रडत असतानाच मला दिसत होतं, पट्टा निम्मा झाला होता.

वॉकीवर आत्या बोलली. ओरडली नाही. "पैलवान, तिचा आवाज ऐकतोस ना? दोर सोड."

हसू गेलं. त्यानं हातातला दोर असा टाकला की जणू तो तापलेला होता, आणि बोळाकडे धावला. एवढा अवजड माणूस इतका जोरात पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. जिना फिरायला लागला.

"पळाले! पळाले, आत्या! आता खाली. खाली, खाली, झटका नको, एकसारखं खाली. फिरतोय तो, फिरू दे. खाली. उजवी कड भिंतीला लागणार. लागली. खाली, थांबू नकोस, थांबलीस तर झुलेल. निम्म्याहून जास्त कापलाय. मला भीती वाटतेय. खाली. दोन माणसांएवढी उंची राहिली. खाली. दीड माणूस. धागे जातायत, आत्या, मला ऐकू येतायत इथून. खाली. खाली. एक माणूस..."

पट्टा तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. जिन्याचं पुढचं टोक सुटलं आणि चौकाच्या फरशीवर आदळलं, आणि मागचं टोक दुसऱ्या पट्ट्यावर लटकून राहिलं, मग तेही कलंडलं. सगळी इमारत माझ्या पायाखाली हादरली. चौकभर पांढरी धूळ.

"कोण आहे खाली?" आत्या. पहिल्यांदाच तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी धुळीत बघत होते. काही दिसत नव्हतं. मला वाटलं, पैलवान बोळात पोचलाच नाही, गेला. माझ्यामुळे गेला. मी आधी गप्प बसले म्हणून. मी बटण नुसतं दाबून धरलं होतं.

मग बोळातून मेव्हण्याचा आवाज आला. "आहे! दाजी आहेत! आहेत!"

मी जिथे उभी होते तिथेच खाली बसले.

धूळ खाली बसली तेव्हा जिना दोन ठिकाणी फुटून पडलेला दिसला. त्याचं पुढचं टोक नेमकं तिथे पडलं होतं जिथे पैलवान दोर धरून उभा होता. त्याचा दोर जिन्याखाली चिरडला गेला होता. रबराचा काळा तुकडा भिंतीच्या कडेला पडलेला होता, अगदी शहाण्यासारखा.

सुपरवायझर धावत वर आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण सवय कुठे जाते? "अहो मॅडम, तुम्हाला दिसलं होतं तर आधीच का नाही सांगितलंत?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भीती संपली की मला राग येतो, हे माझं नेहमीचंच. "का नाही सांगितलं? तुम्हीच सांगितलंत ना, थंड राहा म्हणून? राहिले थंड! बर्फासारखी राहिले! तुम्ही अंगठा दाखवलात मला! आठवतो अंगठा?" मी हेल्मेट काढून त्याच्या हातात कोंबलं. वॉकीही दिली. "घ्या. माझ्याच्यानं होणार नाही. मी कबुतराला ओरडले तर लोक हसतात आणि गप्प बसले तर माणूस मरतो. मधलं काही मला जमत नाही. मला घरी जाऊ द्या."

तो हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

मी खाली उतरले. क्रेनच्या पायथ्याशी आत्या शिडीवरून उतरत होती. ती शिडी उतरायला फार वेळ लागतो, आणि मी तिच्या बुटांकडे बघत उभी राहिले. आता ती काय म्हणेल याची मला जिन्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

ती उतरली. हातमोजे काढले. माझ्या खांद्यांना धरलं, इतक्या घट्ट की दुखलं.

"पुन्हा माझ्याशी तसं गोड बोललीस तर कानफटात देईन," ती म्हणाली. तिचे हात थरथरत होते. आत्याचे हात! "मला वरून चौक दिसत नाही. तुझा आवाज चढला की मला कळतं काहीतरी जवळ आलंय. उतरला की कळतं जागा मोकळी आहे. कबुतर होतं तेव्हाही मला कळलं की काहीतरी उडालं. आज काहीच कळेना. मला वाटलं, खाली दुसरंच कुणीतरी बसलंय. मला थंड माणूस नको. थंड मी आहे ना वर."

"पण काल तू काहीच बोलली नाहीस," मी म्हणाले. मी लहान मुलीसारखी हमसत होते. "मला वाटलं, तुला माझी लाज वाटली."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. "मी कधी बोलते का? चुकलंच माझं," ती म्हणाली. मग बराच वेळ तिनं माझे खांदे सोडले नाहीत.

दुपारपर्यंत काम बंद राहिलं. चौकशीला माणसं आली, त्यांनी फोटो काढले, सगळ्यांचे पट्टे आणि रबरं तपासली. आता रबर पट्ट्याला बांधूनच घालायचं असं ठरलं. दुपारनंतर उरलेला एक जिना उतरवायला परवानगी मिळाली. सुपरवायझरनं दुसऱ्या साइटवरून एक अनुभवी सिग्नलवाला बोलावून घेतला. उंच, इस्त्रीचा शर्ट, आवाज असा की ऐकून झोप यावी. मी पिशवी भरून फाटकाशी आत्याची वाट बघत बसले होते. सुटल्यासारखं वाटत होतं आणि रडूही येत होतं.

तेवढ्यात पैलवान आला. पायाला पट्टी बांधलेली, बोळाच्या कडेला खरचटलं होतं. हातात माझं हेल्मेट आणि वॉकी. मागे मेव्हणा.

"ताई, चला," तो म्हणाला.

"मी काम सोडलं, पैलवान."

"तुमचं तुम्ही बघा. पण चौकात उभं मी राहणार आहे." त्यानं वॉकी माझ्या पिशवीवर ठेवली. त्याचं हसू कुठेच नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी रोज आरशात बघते. "त्या इस्त्रीवाल्याला सांगून आलोय. वर तुम्ही नसलात तर मी खाली जाणार नाही. दुसरा माणूस बघा म्हणावं."

मेव्हणा हळूच म्हणाला, "मी पण."

मी सुपरवायझरकडे बघितलं. तो लांब उभा होता. त्यानं घड्याळ बघितलं नाही, फक्त मान हलवली.

मी वर गेले. कठड्याशी उभी राहिले, कमरेचा पट्टा लावला. बुटातली बोटं आखडली. फुटका जिना अजून चौकाच्या कडेला पडलेला होता. पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, आत्यानं जिना उचलला. तो गच्चीच्या वर आला, पायऱ्यांसकट, हवेत. खाली पैलवान दोर पकडायला हात वर करून उभा राहिला आणि वर बघायला लागला, जिन्याकडे नाही, माझ्याकडे.

"तयार?" वॉकीवर आत्या.

मी बटण दाबलं. "आत्या, मला भीती वाटतेय."

"कशाची?"

मी बघितलं. आणि सांगायला सुरुवात केली. "पहिली गोष्ट, पैलवानांच्या हेल्मेटचा पट्टा लावलेला नाही."